परप्रांतीय मजूर आणि नागपूरचा हिशेब

बाहेरून येणारा स्वस्त मजूर स्थानिकांची कामे घेतो, मजुरीचा दर पाडतो, म्हणून त्याला येण्यापासूनच रोखावे, ही महाराष्ट्रातल्या भूमिपुत्रवादी राजकारणाची साठ वर्षे टिकलेली मागणी आहे. १९ जून १९६६ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली तेव्हा तिचा रोख दाक्षिणात्य कारकून आणि लघुलेखकांवर होता. ९ मार्च २००६ रोजी राज ठाकरे यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना काढली आणि दोनच वर्षांत तो रोख उत्तर प्रदेश-बिहारच्या टॅक्सीवाल्यांकडे, फेरीवाल्यांकडे, मजुरांकडे वळला. प्रांत बदलला, युक्तिवाद तसाच राहिला. मुंबईत तो ऐकताना बराचसा पटतो. नागपुरात आणून उभा केला की त्याचे सांधे खिळखिळे होऊ लागतात.

युक्तिवाद निव्वळ द्वेषाचा आहे असे म्हणून तो झटकता येत नाही. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा असणारे सुमारे ४३ टक्के होते, आणि राज्याच्या राजधानीतल्या मोठ्या कचेऱ्यांत वरच्या खुर्च्यांवर मराठी नावे शोधावी लागत. बाळासाहेबांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने तिथल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या त्या वाचकांना झोंबल्या, कारण वाचकांनी ते स्वतः पाहिले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही; पण महाराष्ट्रातल्या रेल्वेभरतीच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत दिसत नाहीत, ही तक्रार रास्त होती. पुढे ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना परीक्षा स्थानिक भाषांतही घेण्याचे आणि सर्व मंडळांच्या परीक्षा एकाच दिवशी ठेवण्याचे धोरण आले, ते या तक्रारीत तथ्य होते म्हणूनच.

घोटाळा यापुढे आहे. या दोन्ही तक्रारी ‘नोकरी’च्या होत्या. नोकरीची जाहिरात निघते, जागा मोजलेल्या असतात, निवडीचे नियम असतात आणि ते मोडले तर दाद मागता येते. मजुरीचे तसे नसते. तिची जाहिरात निघत नाही, जागा मोजलेल्या नसतात, आणि माणूस ठेवायचा की काढायचा हे मुकादमाच्या तोंडी हुकमावर ठरते. भूमिपुत्रवादी भाषणात ‘आमच्या पोरांच्या नोकऱ्या’ या शब्दांनी सुरू झालेले वाक्य वीटभट्टीवरच्या छत्तीसगडी जोडप्यापाशी येऊन संपते, आणि मधली उडी कोणाच्या लक्षातही येत नाही. रेल्वेच्या कारकुनाच्या जागेवरचा न्याय भट्टीवर लावला की प्रश्नही चुकतो आणि उत्तरही.

पहिला सांधा ‘बाहेरचा’ या शब्दाचा. नागपुरात बाहेरून येणारा मजूर म्हणजे बहुतेक वेळा छत्तीसगडचा, नाहीतर बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडचा. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी बाई इथे ‘रेजा’ म्हणून ओळखली जाते; हा शब्द रायपूर-बिलासपुरातही तसाच चालतो, मुंबई-पुण्यात तो कोणाला कळणार नाही. शब्दाचा हा पट्टा उगाच पडलेला नाही. रघूजी भोसल्यांच्या फौजांनी रतनपूर घेतले आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत तिथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, त्याची राजधानी नागपूर आणि छत्तीसगड त्याचा एक विभाग. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत गेली आणि तीच पुढे बंगाल-नागपूर रेल्वेत सामील झाली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा मुख्यमंत्रिपदी रायपूरचे रविशंकर शुक्ल होते, आणि ते कारभार नागपुरातून हाकत होते. आज डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जिथे भरते, त्याच सभागृहात दुर्ग-बिलासपूरचे आमदार बसत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. आदल्या दिवशीपर्यंत राजनांदगावहून कामाला नागपुरात येणारा माणूस आपल्या प्रांताच्या राजधानीत येत होता. दुसऱ्या दिवसापासून तो परप्रांतीय झाला. गाडी तीच होती आणि भाडेही तेच. गोंदिया नागपूरहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. त्यापुढे थोड्याच वेळात छत्तीसगडची हद्द लागते. मुंबई मात्र ८०० किलोमीटरांहून लांब. भूमिपुत्रवादी व्याख्येनुसार नागपुरातल्या कामावर मुंबईकराचा हक्क पहिला आणि राजनांदगावकराचा शून्य. ही व्याख्या मुंबईत बसून केलेली आहे हे सांगायला नकाशाही लागत नाही.

व्याख्येचे दुसरे टोकही नागपूरकर विसरत नाहीत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शासकीय सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा कबूल केला होता. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना सेवांमध्ये पुरेशी संधी मिळण्याची तरतूद आहे. तो वाटा मिळाला नाही, पश्चिम महाराष्ट्राने बळकावला, ही वेगळ्या विदर्भाच्या चळवळीची जुनी तक्रार. म्हणजे भूमिपुत्राचा तर्क प्रामाणिकपणे चालवायचा तर नागपुरात उपरा ठरतो तो पुणेकर. आणि चंद्रपूर, गडचिरोलीतून ऐकले तर नागपूरकर. या तर्काला खालचा मजला नाही. उतरत गेले की प्रत्येक तालुक्याला शेजारचा तालुका परका दिसतो.

शहराच्या उभारणीकडे पाहिले तर अडचण आणखी वाढते. कामठी आणि मोमीनपुऱ्यातले मोमीन विणकर उत्तरेतून आले. त्यांचे माग आणि इथल्या कोष्ट्यांचे माग शेजारी शेजारी चालले, नागपुरी लुगड्याचा बाजार दोघांनी मिळून राखला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जरीपटक्यात वसले. इतवारीतल्या सराफ्यात दागिने घडवणारे कित्येक हात बंगाली आहेत. यातल्या कोणाला कधी बाहेरचे म्हणायचे थांबवले, याची तारीख कुठे नोंदलेली नाही. तसे शासनाच्या हिशेबाने महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिले की अधिवासाचा दाखला मिळतो, आणि परका स्थानिक होतो. पंधरा वर्षे हा आकडा कार्यालयीन सोयीचा. भूमीशी त्याचा संबंध लावणे अवघड.

दुसरा सांधा ‘स्वस्त’ या शब्दाचा, आणि खरा मुद्दा इथेच आहे.

नागपुरातल्या कुठल्याही ठिय्यावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले तर मजुरीचा दर ठरताना दिसतो. मुंबईत ज्याला नाका म्हणतात तो इथे ठिय्या. डबा, थापी, घमेले, फावडे घेऊन मिस्त्री, बेलदार, रेजा, मजूर थांबलेले असतात. मोटारसायकलवर कोणी येतो, किती माणसे हवीत ते सांगतो, दर बोलतो. ठिय्यावरच्या घोळक्यात उमरेडकडचा मजूर असतो आणि कवर्ध्याकडचाही. दर कमी वाटला की दोघेही मान हलवतात. कवर्ध्याचा मजूर परप्रांतीय म्हणून अर्ध्या दरात जात नाही, कारण नाही म्हणण्याची सोय त्यालाही आहे: आज नाही गेला तर उद्या जाईल, संध्याकाळी रोख मिळेल, रात्री भाड्याच्या खोलीवर परतेल. नऊ-साडेनऊपर्यंत उरलेल्यांचा दर उतरतो, पण तो सगळ्यांचाच उतरतो.

तोच कवर्ध्याचा माणूस मुकादमामार्फत वीटभट्टीवर आला की स्वस्त होतो. दिवाळीनंतर धान निघाले की मुकादम गावात उचल वाटतो: लग्नासाठी, दवाखान्यासाठी, सावकाराचे फेडण्यासाठी. उचल एकट्याच्या नावावर पडते आणि फेडायला सगळे घर येते. नवरा चिखल तुडवतो, बायको साच्यात थापते, पोरे वाळलेल्या विटा पालथ्या घालतात. मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांमागे ठरलेली. किती जणांचे हात लागले याच्याशी तिचा संबंध नाही. भिजलेल्या, फुटलेल्या विटा हजारात धरत नाहीत. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, ती वहीत चढते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि उचल, खर्ची, दुकानाची उधारी वजा जाता कित्येकदा हाती पुढच्या वर्षीचे देणे येते. वही मालकाची, मोजणी मालकाची. मध्येच काम सोडायचे तर उचल परत करावी लागते, आणि ती तर घरी खर्चून झालेली असते.

माणूस एक, गाव एक, भाषा एक. ठिय्यावर तो दराने महाग आहे आणि भट्टीवर स्वस्त. स्वस्ताई त्याच्या अंगात असती तर ती दोन्हीकडे दिसली असती. ती उचलीत आहे, हजारीत आहे, मालकाच्या वहीत आहे, सोडून जाता न येण्यात आहे. मजुराला गावी हाकलले तरी वही भट्टीवरच राहते, आणि तिच्यात उद्या मेळघाटातल्या कोरकू कुटुंबाचे नाव लिहिता येते. ते कुटुंब शंभर टक्के भूमिपुत्र असेल. बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर महाराष्ट्रातच, मराठी मुकादमाच्या उचलीवर, मराठी मालकांच्या कारखान्यांसाठी कोयता चालवतो. तो कोणत्याही व्याख्येने परप्रांतीय नाही, आणि त्याची गत भट्टीवरच्या छत्तीसगड्याहून फारशी बरी नाही.

न्यायालयाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी मैदाने, पूल, वसाहती उभारायला ठेकेदारांनी जमादारांमार्फत बाहेरचे मजूर आणले होते. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार ते जमादाराला देत, जमादार एक रुपया कापून घेई, मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे घटनेच्या कलम २३ खालचे वेठीचे काम ठरवले. मजूर दिल्लीचे की बाहेरचे, या प्रश्नावर निकाल अडला नाही. अडला तो त्या एका रुपयावर. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही उचलीच्या बदल्यात अडकवून ठेवलेल्या मजुराचे देणे रद्दबातल ठरवले आहे. भट्टीवर मोर्चा न्यायचाच असेल तर नेण्याजोगा कागद पन्नास वर्षांपासून तयार आहे.

इथे ठेकेदारांच्या बाजूचाही एक युक्तिवाद मोडणे भाग आहे, कारण तो भूमिपुत्रवादाचाच उलटा जुळा आहे. ‘आपल्या पोरांना कष्ट नकोत, म्हणून बाहेरून आणावे लागतात’ असे बांधकामाच्या धंद्यात सर्रास ऐकू येते. नागपूरचा स्वतःचा इतिहास याला साक्षी नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा व्यवस्थापनाची मोठी डोकेदुखी होती कामगारांची गैरहजेरी. महिन्यातले निम्मे-अधिक दिवस भरले की पुष्कळ झाले, असा हिशेब माणसे करीत. मिलने नागपूरकरांना आळशी ठरवून परमुलखातून गड्यांच्या गाड्या मागवण्यापेक्षा वेगळी वाट धरली: हजेरीवर बक्षिसे ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी आणला. पिढ्यान्पिढ्या माणसे तिथे टिकली. २००२ मध्ये मिल कायमची बंद पडली तेव्हा त्या कामगारांची पोरे बिगारीला लागली नाहीत याचे नवल वाटायला नको. निधी आणि निवृत्तिवेतनाचे काम पाहिलेल्या घराला हजारीचे काम दाखवले तर ते तोंड फिरवणारच.

स्थानिकांची एकजूटही वाटते तितकी सरळ नसते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता: तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढे केली. ज्यांना अडवले ते महार आणि ज्यांनी अडवले ते मराठे-कुणबी, दोघेही रत्नागिरी-साताऱ्याकडचे, दोघेही भूमिपुत्र. मजुरीचा दर कोणामुळे पडतो या प्रश्नाचे उत्तर जन्मगावात शोधायचे, तर या प्रसंगाचे काय करायचे हे भूमिपुत्रवादाला सांगता येत नाही.

बाहेरचे गेले की काय होते, याची परीक्षा कल्पनेत घ्यायची गरज नाही. ती झालेली आहे. फेब्रुवारी २००८ च्या हल्ल्यांनंतर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतून परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने निघून गेले आणि कारखानदारांनी माणसे मिळत नाहीत म्हणून ओरड केली. त्या रिकाम्या जागांवर मराठी तरुणांची रांग लागल्याचे चित्र काही दिसले नाही, आणि काही महिन्यांत गेलेले परत आले. मोठी परीक्षा २०२० ची. टाळेबंदीत हैदराबादेकडून निघालेले मजूर वर्धा मार्गाने चालत नागपुरात येत होते आणि इथून जबलपूर, रायपूरकडे जात होते. देशाच्या मध्यावरचे शहर म्हणून नागपूर मिरवते, त्या मे महिन्यात त्या मध्याचा अर्थ शहराने पाहिला: टोलनाक्याच्या सावलीत पाय सुजलेली माणसे, अन्नाची पाकिटे, चपलांचे ढीग. आता स्थानिकांची संधी, असे तेव्हा बोलले गेले. ६ जुलै २०२० रोजी राज्य सरकारने ‘महाजॉब्स’ हे संकेतस्थळ सुरू केले, अधिवासाच्या अटीसह. आणि पावसाळा सरेपर्यंत ठेकेदार त्याच मजुरांना आणायला गाड्या पाठवू लागले. काही बांधकाम व्यावसायिकांनी तर विमानाची तिकिटे काढली. ज्या मजुराची गरजच नाही असे सांगितले जाते त्याला विमानाने आणावे लागते, यात जरा गंमत आहे.

त्याच उन्हाळ्यात पंजाबात जे झाले ते अधिक बोलके. बिहारचे मजूर गावी गेले, भाताच्या रोवणीला माणसे मिळेनात, आणि स्थानिक दलित मजुरांनी दर वाढवून मागितला. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे तो मिळायला हवा होता, काही ठिकाणी मिळालाही. पण बऱ्याच गावांच्या पंचायतींनी रोवणीचा कमाल दर ठरवणारे ठराव केले. जास्त मागणाऱ्यावर आणि देणाऱ्यावरही दंड, बहिष्कार. बाहेरच्याला घालवून स्थानिकाची ताकद वाढते असे म्हणणाऱ्यांनी हे ठराव वाचावेत. ताकद वाढताच मालकांनी तिचा बंदोबस्त केला, आणि मालक तर मजुरांच्याच गावचे.

अमेरिकेतला दाखला मोठा आहे. १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर ‘ब्रासेरो’ करारावर कॅलिफोर्निया-टेक्सासच्या शेतांवर आणले जात. यांच्यामुळे देशी मजुरांचे दर पडतात, असे म्हणत तो करार १९६४ अखेर संपवला गेला. मायकेल क्लेमन्स, इथन लुईस आणि हॅना पोस्टेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये त्या काळच्या राज्यवार नोंदी तपासल्या. ब्रासेरो जिथे भरपूर होते तिथे आणि जिथे नव्हते तिथे देशी शेतमजुरांच्या मजुरीत फरक पडलेला आढळला नाही. मालकांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली, ज्या पिकाला यंत्र नव्हते ते कमी केले. यावर एक सरळ आक्षेप घेता येतो: शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ हेही ब्रासेरोविरोधी होते, कारण संप फोडायला याच माणसांचा वापर होई; आणि करार संपल्यावर वर्षभरातच, १९६५ मध्ये, डेलानोचा द्राक्षमळ्यांचा संप उभा राहिला. आक्षेप वजनदार आहे. पण ब्रासेरो संप फोडायला का उपयोगी पडत, हे पाहिले की तो फिरतो. कराराने त्यांना एकाच मालकाशी जखडले होते. दुसऱ्या मळ्यावर जाता येत नव्हते, तक्रार केली तर परतीची गाडी. दर वाढला तो १९७० मध्ये संघटनेने मळेमालकांकडून करार सही करून घेतले तेव्हा, आणि त्या संघटनेत मेक्सिकन-फिलिपिनो माणसेच होती.

स्वस्त मजुरांच्या आयातीला राष्ट्रवादी राजकारण्याने विरोध करूच नये, असा निष्कर्ष यातून काढायचे कारण नाही. महाराष्ट्रातच त्याचा उत्तम नमुना आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात नाताळसाठी गिरमिटिया मजूर भरण्यावर बंदी मागितली, आणि ४ मार्च १९१२ रोजी गिरमिटाची पद्धतच मोडावी असा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो पाडला. १९१७ मध्ये भरती अखेर थांबली. गोखल्यांचा हल्ला कशावर होता? पाच वर्षांचा करार, काम सोडले तर फौजदारी गुन्हा, मालक बदलण्याची मुभा नाही. मजुराच्या जातकुळीशी, भाषेशी, वसाहतीतल्या गोऱ्यांच्या गैरसोयीशी त्यांना देणेघेणे नव्हते. त्याच्या दशकभर आधी ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली होती. १९०१ च्या कायद्याने क्वीन्सलँडच्या ऊसमळ्यांवरचे पॅसिफिक बेटांवरचे मजूर परत पाठवायचे ठरवले आणि पुढे गोऱ्यांच्या हातांनी पिकवलेल्या साखरेला सरकारी अनुदान दिले. दोघेही राष्ट्रवादीच. एकाने करार मोडायला घेतला, दुसऱ्याने माणूस हाकलला. मॉरिशसमधल्या ऊसमळ्यांवर एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी नावांनी नांदतात. तिथल्या हिशेबात ती कुटुंबे ‘बाहेरून आणलेले स्वस्त मजूर’ होती. गोखल्यांच्या पक्षाला ती वाचवण्याजोगी दिसतात. आजच्या भूमिपुत्रवाद्याने मॉरिशसमध्ये जन्म घेतला असता तर त्याला काय दिसले असते, ते सांगणे कठीण नाही.

आणि मराठी माणूस आजही बाहेरगावी जातोच. गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. नागपूरचे इंजिनिअर बंगळुरू-हैदराबादेत आहेत. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारे विधेयक मंजूर केले, उद्योगांनी आरडाओरडा केला, विधेयक गुंडाळले. गुंडाळले नसते तर नागपुरातल्या कित्येक घरांत त्या संध्याकाळी फोन वाजले असते.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. भारतात कुठेही राहण्याचा आणि कुठलाही व्यवसाय करण्याचा हक्क कलम १९ देते. सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवासावरून भेदभाव कलम १६(२) ला मान्य नाही. निवासाची अट घालायचीच तर कलम १६(३) ने तो अधिकार संसदेला दिला आहे, राज्याला नाही. हरियाणाने ३० हजार रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा करून पाहिला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात सवलती घेणाऱ्या उद्योगांवर ८० टक्के स्थानिकांची अट शासननिर्णयांतून आहे. ती कंपनीच्या पटावर मोजली जाते. बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कारखान्यात माल चढवणारी, झाडणारी, भट्टी सांभाळणारी माणसे बहुधा ठेकेदाराच्या पटावर असतात, आणि अट तिथवर पोचेपर्यंत तिचा दम संपतो. पट भूमिपुत्रांचा, घाम ठेकेदाराच्या माणसांचा, आणि दोन्ही कागद नियमाला धरून.

महाराष्ट्राला दर वाढवण्याच्या खऱ्या युक्त्या ठाऊक नाहीत असेही नाही. देशाला त्या याच राज्याने दिल्या. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, त्यावर लेव्ही, लेव्हीतून निधी आणि बोनस. मुकादमाचा हात मधून निघाला. नागपुरातही माथाडी मंडळ आहे. बिल्ला मागताना पाठीवरच्या पोत्याला गाव विचारले जात नाही. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. गावात सरकारी कामाचा दर ठरला आणि जमीनदाराच्या बांधावरच्या मजुराला नाही म्हणण्यासाठी पाय टेकायला जागा मिळाली. शेतमालकांची त्यावरची नाराजी जुनी आहे आणि तीच योजनेच्या परिणामाचा सर्वात विश्वसनीय पुरावा. याच काळात भूमिपुत्रवादी राजकारण काय करत होते, हेही नोंदवायला हवे. गिरणगावात कम्युनिस्ट संघटनांशी लढण्यात त्याची शक्ती खर्च झाली. ऑक्टोबर १९७० मध्ये, कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतरच्या पोटनिवडणुकीत, शिवसेनेने आपला पहिला आमदार निवडून आणला. मालकांना दर वाढवून द्यायला लावणारी यंत्रणा मोडायची आणि दर का पडतो म्हणून टॅक्सीवाल्याकडे बोट दाखवायचे, असा हा उद्योग.

उरतो भाषेचा मुद्दा. परप्रांतीयांमुळे मराठी मागे पडते, ही भीती मुंबईत समजण्यासारखी आहे. नागपूरच्या बाजारात हिंदी आहे ती मजुरांनी आणलेली नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांचा प्रांत जवळपास शतकभर इथून चालला, त्याची ती शिल्लक आहे. भट्टीवरच्या पोरांना मराठी येत नाही कारण भट्टीजवळ शाळा नाही, आणि हंगाम शाळेच्या वर्षाच्या मधोमध पडतो. त्यांना मराठी शिकवायला परवडते. हाकलायला त्याहून जास्त खर्च येतो.

स्थानिक आणि परप्रांतीय मजुराला एकाच दराने बांधणारा कायदा १९७९ पासून होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार पाच किंवा अधिक मजूर परराज्यातून आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यायचा, प्रत्येकाला पासबुक द्यायचे, समान कामाला स्थानिकाइतकीच मजुरी द्यायची, वर महिन्याच्या मजुरीच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता आणि प्रवासभाडे. पुरता पाळला असता तर बाहेरून आणलेला मजूर स्थानिकापेक्षा महाग पडला असता, आणि ठेकेदाराने आधी जवळच्या गावात विचारले असते. भूमिपुत्रांच्या हिताचा याहून नेमका कायदा सापडणे अवघड. कामगार कार्यालयात नोंदी तपासा, अशी मागणी मात्र भूमिपुत्रवाद्यांच्या सभांतून क्वचितच ऐकू आली. आता तो कायदा रद्द होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मिसळला आहे. स्वतःहून आलेला मजूरही तिच्या व्याख्येत बसतो, ही तिची जमेची बाजू. प्रवासभाडे राहिले. विस्थापन भत्ता गेला, आणि पाचाची मर्यादा दहा झाली. तीन-चार जोडप्यांवर चालणारी कन्हानकाठची भट्टी या तरतुदीतून तिथेच बाहेर पडते.